पाणकराची संमती

नागपूर,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मोठे बाबांना रीनाचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. मोठ्या आईच्या गुडघ्याचं तेल कुरिअरने पाठवलं होतं, मिळालं असेल. लावते की नुसतं कपाटात जपून ठेवते, ते बघा. पत्र पाहून ती म्हणेल, "पोरीपाशी फोन नाही काय?" आहे. पण फोनवर मी हवापाण्याचं बोलते आणि तुम्ही लगेच तिच्याकडे फोन देता. दोघांचीही सोय होते. म्हणून आज कागद घेतला.

गावच्या तलावाच्या पाण्याची नवी व्यवस्था मी संगणकावर मांडली, हे तुम्ही सौंदडच्या बाजारात दिसेल त्याला 'माही पुतणी' म्हणत सांगत होतात. ती आकृती तुम्हाला आवडली होती. शेतकऱ्याचा अर्ज घेणारी एक सेवा, तलावाची पातळी बघणारी दुसरी, तलावाचं दार, आपलं तुडूम, उघडणारी मोटर चालवणारी तिसरी. एकीचं काम संपलं की ती पुढचीला निरोप देते. अशा आकृत्या जगभर एकाच पद्धतीने काढतात, काम म्हणजे चौकोन, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही हसून म्हणालात, "अन् मी कोणत्या डब्यात बसून राहिलो?" मी बोट ठेवलं: 'पाणकराची संमती'.

त्या चौकोनाला मी एक घड्याळ जोडलं होतं. ते तुम्हाला दाखवलं नाही.

दोन तासांत पाणकराने मोबाइलवर 'हो' किंवा 'नाही' दाबलं नाही, तर 'हो' समजून पुढे जायचं. ऑफिसात बटण दाबायला दोन तास म्हणजे चैन. पण तुम्ही आधी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पाटाने चालत जाता, कुणाच्या पऱ्ह्यांची रोपं कोवळी आहेत, कुठे बांध फुटलाय ते बघता आणि मगच पाणी सोडता. सकाळी निघालात की जेवायला परत. हे मला ऐकून माहीत नाही. सहावीच्या सुट्टीत तुमच्यामागे चालून मी पाय सोलून घेतले होते. माझे वरिष्ठ हिमांशू सर यांनी विचारलं, "दो घंटे काफी हैं ना?" मी हो म्हणाले. आमच्याकडे माणूस चालत जाऊन बघतो, हे त्या काचेच्या खोलीत सांगायची मला लाज वाटली.

तीन तारखेला सत्यभामाकाकूंच्या बांधीपाशी गाळ काढायला पाट फोडलेला होता. तुम्ही अजून वाटेतच होतात. घड्याळातले दोन तास संपले, मोटर फिरली आणि काकूंचे उन्हाळी धानाचे पऱ्हे वाहून गेले.

गावच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष चुन्नीलालजी यांनी सभेत पडद्यावर नोंद दाखवली: पाणकराची संमती मिळाली, नऊ वाजून दहा मिनिटं. तुम्ही म्हणालात, "म्या हो म्हटलोच नाही." त्यांनी मला विचारलं, "रीनाबाई, मशीन खोटी बोलते काय?"

मी म्हणाले, "नोंद बरोबर आहे."

मोठे बाबा, नोंद खोटी होती. 'उत्तर आलं नाही' असं वेगळं लिहायला हवं होतं. मी कंटाळा केला, दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "झाली असन माहीच चूक. म्हाताऱ्याचं बोट, लागलं असन." एकतीस वर्षांचं पाणकरपण तुम्ही उभ्या उभ्या सोडून दिलंत. तुम्हाला सगळं कळलं होतं. तुम्हाला कळलंय, हे मलाही कळलं होतं. तरी मी लॅपटॉप मिटला, तुमच्याच घरी जेवले आणि वर भातही मागून घेतला.

काल हिमांशू सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, घड्याळ काढून टाक, कुणाचं नाव कशाला घ्यायचं? घड्याळ काढलं. आता पाणकराच्या उत्तराशिवाय मोटर हलणार नाही. पण काकू तुमच्याशी बोलत नाहीत, ते त्याने कसं सुटणार?

सव्वीस तारखेच्या ग्रामसभेत मी उभी राहून हे सांगणार आहे. नोकरीचं काय होईल ठाऊक नाही. भीती वाटते आहे. ऐनवेळी माझी दातखीळ बसली, तर हे पत्र चुन्नीलालजींच्या हातात द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा.

तुम्ही मध्येच उठाल आणि माझी बाजू घ्याल, मी ओळखून आहे. या वेळी मला वाचवू नका.

पुतणी म्हणून ओळख सांगताना तुम्हाला संकोच वाटावा अशी,
तुमचीच
रीना