टाकीवरचं चुनार

१२ मार्च १९९४
आज टँकरवाल्याची कॉलर धरली. रांग आमची, आणि पाइप लावला मागच्या बिल्डिंगला. चूक त्याची. पण तो पाइप गुंडाळून निघून गेला, अख्खी बिल्डिंग कोरडी, म्हणजे आता चूक माझी. आई बोलत नाहीये.
तिसऱ्या मजल्यावरचे पांडेजी, भांड्यांच्या कारखान्यातले फोरमन, खाली आले. आवाज न चढवता म्हणाले, "गरम दिमाग से घड़ा नहीं भरता, प्रकास." शिक्षा: उन्हाळाभर त्यांचं पाणी मी वर न्यायचं. मी लगेच हो म्हटलं. लोकांना वाटलं, पोरगा सुधारला.
त्यांची मुलगी गॅलरीत उभी होती. नाव लिहीत नाही, आई वही उघडते. मं.

१६ मार्च
टँकरचा पत्ता नाही. हंडे उन्हात, माणसं सावलीत. पां. नेहमीसारखे भिंतीला खुर्ची लावून बसलेले. हातात विटेचा तुकडा, टाकीच्या सिमेंटच्या झाकणावर काहीतरी काढतायत. समोर उकिडवा बसलो. काय काढताय विचारलं, उगाच, चांगलं दिसावं म्हणून.
मेलो.
चुनार. त्यांचं गाव. मिर्झापूरच्या पुढे, गंगेला लागून. पावलाच्या आकाराचा डोंगर, त्यावर किल्ला. वामनाने पहिलं पाऊल तिथे ठेवलं म्हणतात. किल्ल्याखाली गंगा वळते आणि बनारसकडे जाते. अशोकाच्या खांबांचा दगड तिथला. मग बाजार, घाट, बरण्या आणि मातीची खेळणी करणाऱ्यांची गल्ली…
टँकर आला तेव्हा चक्क वाईट वाटलं. पाइप निसटला, पाणी सांडलं, गाव पुसलं.

२५ मार्च
आज शेरशाह. हुमायूनने पुढे महिनोन् महिने तोफा लावून जो किल्ला घेतला, तो शेरशाहला आधी लढून मिळालाच नव्हता. किल्लेदार मेला, याने त्याच्या विधवेशी लग्न केलं. किल्ला घरात.
माझी मान आपोआप तिसऱ्या मजल्याकडे.
"ऊपर क्या है?" पां.
म्हटलं, पाइप गळतोय वाटतं.

३ एप्रिल
पां. आता परीक्षा घेतात. घाटावरून बाजारात जायचं तर मध्ये काय लागतं? खेळण्यांची गल्ली सोडून कुठे वळायचं? सगळं बरोबर. ते शाबास वगैरे म्हणत नाहीत. "हूँ" म्हणतात. त्या हूँसाठी मी काहीपण. एस.वाय.ला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघालो, त्याआधी दोन वर्षांत असा हूँ कधी आला नव्हता.
काशिनाथ (जवळच्याच मोर्वा गावचा, केबलच्या कामावर माझ्याबरोबर) गच्चीवर वायर ओढता ओढता म्हणाला, "चुनारची गल्ली न् गल्ली पाठ हाय तुला. आन् मोर्व्याला येताना दर टायमाला वाट चुकतोस."
खरंय. पण मोर्व्यात मं. नाही.

१९ एप्रिल
जिन्यात. मी हंडा घेऊन वर, ती खाली.
म्हणाली, मामा येतोय, मे महिन्यात. जाताना हिला चुनारला घेऊन जाणार. बाजारात बरण्यांचं दुकान असलेला कोणीतरी मुलगा. बघायचा कार्यक्रम तिकडे.
हंडा अर्धा सांडला. म्हटलं, मी बोलतो बाबूजींशी, आत्ताच.
"नको. तू बोलतोस म्हणजे भांडतोस. मी सांगेन. पण हा मुलगा कसा, असं त्यांनी विचारलं तर काय सांगू? कॉलेज सोडलं, टँकर पळवून लावला?"
आणि मग, हळू: "एकदा तरी न भांडता काहीतरी करून दाखव ना, पक्या."
तिने पक्या म्हटलं. बाकी सगळं विसरलो.

४ मे
आज सगळं घालवलं.
मामाजी काल आले. आज टँकरच्या वेळी पां. त्यांना घेऊन खाली. टाकीवर चुनार काढलेलंच होतं. पां. म्हणाले, हा लडका चुनार न बघता सांगतो, विचारा काहीही. मी सुटलो. वामन, अशोक, शेरशाह, गल्ल्या. मामाजी खूश. वर मं. कठड्याला टेकून ऐकतेय. तिथेच थांबायचं ना. पण मला चढली. म्हटलं, एकदा पहाटे किल्ल्यावर उभं राहायचंय, गंगेतून सूर्य वर येताना बघायचाय.
मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. "बबुआ, हमारे यहाँ सूरज गंगाजी में डूबता है. निकलता है बाजार की तरफ, हलवाई की दुकान के पीछे से."
रांगेतले हंडेसुद्धा हसले. मी म्हटलं, नकाशात तर गंगा पूर्वेलाच आहे. ते म्हणाले, और बनारस? मी म्हटलं, दक्षिणेला. पुन्हा हशा. मग माझं डोकं फिरलं. "पांडेजींनीच तसं काढलंय, त्यांना विचारा!"
त्यांच्या मेहुण्यासमोर. मोठ्याने.
पां.नी नकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत नकाशाकडे. उठले आणि पाणी न घेता वर गेले. गॅलरीत कोणी नव्हतं.

५ मे
त्यांचे हंडे भरून दारात ठेवले. बेल वाजवली नाही.

६ मे
संध्याकाळी टँकर उशिरा. पां. खाली आले, मागे मामाजी. आज खुर्ची नाही, घरातला लाकडी बाक आणलेला. भिंतीला लावला, बसले, टाकीवर पुन्हा गंगा काढायला लागले. मी गपचूप माझ्या जागेवर, समोर. माफीचं वाक्य दिवसभर घोकलं होतं. तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले,
"सूरज कहाँ है?"
बघितलं. रेल्वे लाइनच्या बाजूला, उतरलेला. त्यांच्या डाव्या हाताला. आणि टाकीवर त्यांच्या डाव्या हाताला गंगा.
शाळेत शिकवलेलं, नकाशात वरती उत्तर. माझी वरची बाजू म्हणजे त्यांचे पाय. बनारस माझ्या पायांशी आलं, म्हणून मी ते दक्षिणेला ढकललं होतं. आणि रोज सूर्य तिथेच बुडत होता, माझ्या डोळ्यांसमोर. मी बघत होतो तिसरा मजला.
"इतने दिन सामने बैठके पढ़े हो," पां. म्हणाले. मामाजींना उद्देशून की मला, कळलं नाही. "रोज आए, रोज वहीं बैठे. हमने भी नहीं कहा कि इधर आ जाओ."
आणि बाकावर सरकले.
मामाजी उभेच होते, तरी पां.नी ती जागा मोकळी ठेवून हाताने थोपटली. बसलो. गाव सरळ झालं. पां.नी विटेचा तुकडा माझ्या हातात दिला: घाट तू काढ. वर गॅलरीत बांगड्या वाजल्या. आज वर बघितलं नाही, घाट नीट काढला.
"हूँ," पां.
मामाजी समोर, माझ्या जुन्या जागी उकिडवे बसले. म्हणाले, इधर से तो सचमुच उल्टा दिखता है.
त्यांची गाडी परवाची. तिकिटं एक की दोन, विचारलं नाही.