रविवारची रिंग

प्रिय खुशबू,

पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. धान कापून घरात आलं. बोदलकशाच्या तलावाचं पाणी यंदा शेवटपर्यंत पुरलं. डावा गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या आईच्या काळापासूनच कुरकुरतो. ती गेली, तो राहिला.

सध्या मला टीव्हीचा नाद लागलाय. मोबाइलचे दर कसे वाढत गेले, यावर तीन भागांचा एक माहितीपट लागला होता. त्यातल्या बाई कंपन्यांना अशा काही धुवून काढत होत्या की ऐकता ऐकता मी भाजी करपवली. पण मला कुतूहल दुसरंच. महिना अठ्ठावीस दिवसांचा, हे ठरवलं कोणी? त्याच्या घरी कॅलेंडर नसेल का? आणि फोनवाल्यांवर एवढी टीका चाललेली असताना मधेच फोनचीच जाहिरात कशी लागते? शेजारच्या नीलाला विचारलं. ती दुकानात सगळ्यांचं रिचार्ज मारते, तिला ठाऊक असणार. तर म्हणाली, "काका, तुमी टीव्ही पाहून राहिले का माही परीक्षा घेऊन राहिले?"

दुसऱ्या भागात मिस कॉलची गोष्ट होती. पूर्वी बोलण्याचे पैसे मिनिटाला कापले जायचे, म्हणून गरीब लोक नुसती रिंग द्यायचे, असं त्या बाई फार हळहळून सांगत होत्या. मला हसू आलं. आपल्याला कुठे वाईट वाटायचं? तू गोंदियाला कॉलेजात होतीस, तेव्हा नियम तूच घालून दिला होतास. एकदा फोन वाजला म्हणजे पोचले, बरी आहे. लागोपाठ दोनदा वाजला म्हणजे तिरोड्याच्या स्टँडवर घ्यायला या. एकदा मी चुकून उचलला तर केवढी ओरडलीस, "बाबा, उचलता कायले? पैसे कटले ना!" त्यानंतर मी तुझा फोन कधी उचलला नाही. पुढे तुला नोकरीही तिथेच लागली, तरी आपलं तेच चालू राहिलं. शनिवारी तू घरी यायचीसच, मग फोनवर बोलायचं काय?

मग त्या बाई म्हणाल्या, आता दिवसभर बोला नाहीतर एक मिनिट बोला, पैसे तेवढेच, मिस कॉल आता कोणी देत नाही. तिथे मी टीव्हीचा आवाज कमी केला. यंदा पोळ्यानंतर तू नव्या नोकरीसाठी हैदराबादला गेलीस. एवढ्या लांब जाऊ नको म्हटलं, ऐकलं नाहीस, म्हणून मी स्टेशनवर सोडायला आलो नाही. राग होता, खोटं कशाला लिहू? पण धानाच्या बांधीतलं पाणी कापणीपर्यंत ओसरतं, तसा तोही ओसरला. दर रविवारी संध्याकाळी तुझी रिंग यायची. बराच वेळ वाजायची. मी फोन मांडीवर घेऊन ती पूर्ण ऐकायचो, पोरगी बरी आहे म्हणायचो आणि निवांत जेवायला बसायचो.

दिवाळीपासून रिंग येईना. वाटलं, विसरलीस. तिसऱ्या भागात कळलं की रिचार्ज संपलं की येणारे फोनही बंद होतात. मी कोणाला फोन करत नाही, म्हणून दिवाळीत रिचार्ज मारलंच नव्हतं. तसाच उठून नीलाकडे गेलो. फोन पाहून तिने कपाळावर हात मारला. मग तिला रविवारच्या रिंगांचं सांगितलं, तर ती हसलीच नाही. "काका, खुशबूताई मले म्हणे, बाबा अजून रागात हायेत, फोन उचलत नाही. मी म्हटलं, असतीन. तुमच्या घरच्या गोष्टीत मी कायले पडू?"

रिचार्ज मारून घेतलंय. परवा तुला एक रिंग आली असेल, ती माझीच. बोलायचं म्हणूनच लावला होता, पण पहिलं वाक्य काय बोलावं ते सुचेना, आणि हाताने जुन्या सवयीने ठेवून दिला. म्हणून हे पत्र. मी रागाने गप्प नव्हतो गं, मी ऐकत होतो. तू तिकडे फोन कानाला लावून वाट पाहत होतीस, हे मला कळलंच नाही. येत्या रविवारी लाव. या वेळी उचलीन. पैसे कटले तर कटू दे.

फोन हातात घेऊन बसलेला,
तुझाच
बाबा