एक डोळा मिटला तर साखर

प्रिय आई,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून, खिडकीपाशी बसून, एकटीनं वाच. धाकटीला देऊ नकोस. ती अर्धं गाळते आणि उरलेल्यात पदरचं घालते. जोडाक्षर अडलं तर सोडून पुढे जा, मागाहून उलगडेल. असंच शिकवलं होतं ना मी तुला, भाजी निवडता निवडता? आणि तू गल्लीभर सांगत सुटलीस की आमच्या सात पिढ्यांत पहिली पोर शाळेत गेली, ती आता मलाच छडी दाखवते. तेव्हापासून मी मास्तरीण ती मास्तरीणच.

परवा धाकटी फोनवर म्हणाली, यंदा सुट्टीतल्या आपल्या दर वर्षीच्या जेवणाला फळांची चटणी नाही. पाहुणे तेच वीस-बावीस, बाकी सगळं होणार, फक्त चटणी नाही; आईचे हात दुखतात. माझा घास हातातच राहिला. गेल्या महिन्यात एकटीनं लोखंडी कपाट सरकवणारीचे हात दुखतात? मामा तर रुसलाय म्हणे. चटणी नसेल तर मी माझा डबा घेऊन येतो, असा निरोप त्यानं पाठवलाय. यंदा मला सुट्टी नाही, नाहीतर धावत आले असते. मग ठरवलं, इथंच करून बघायची.

तुला वाटेल, त्यात काय मोठं! ना चूल, ना गॅस. हिरवी सफरचंदं, संत्री, आलं, मिरपूड, मीठ, साखर. चिरा आणि कालवा. पण मला तू ओळखतेस. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या तपासते आणि घरी येऊन कुलूप तीनदा ओढून बघते. पहिल्या खेपेला मी संत्र्याची साल काढलीच, वर फोडीफोडीवरचा पांढरा पापुद्रा चिमट्यानं सोलत बसले. माझ्या खोलीत राहते ती नर्स एक चमचा खाऊन म्हणाली, छान आहे, ऑपरेशन झालेल्या पेशंटला चालेल. तेव्हा आठवलं, एक संत्रं तू सालीसकट बारीक चिरायचीस. तो कडवटपणाच तर हवा असतो. दुसऱ्या खेपेला घाई केली. साखर दाताखाली करकरत होती आणि सफरचंद एकीकडे, संत्रं दुसरीकडे, लग्नात रुसलेल्या दोन व्याह्यांसारखी. आदल्या दिवशी करून झाकून ठेवायची, एकमेकांशी ओळख होऊ द्यायची, हे तू दर वर्षी सांगायचीस, मी दर वर्षी ऐकायचे आणि ऐन वेळी विसरले.

तिसऱ्या खेपेला सगळं काट्यावर तोललं, ग्रॅममध्ये लिहिलं, आणि मग कपाळावर हात मारला. तुझ्याकडे काटा कुठाय? म्हणून तो निळा कप काढला, तुझ्या कपाचा जोडीदार, निघताना तू माझ्या पेटीत कोंबलेला. आता सगळं कपात आणि साध्या चहाच्या चमच्यात मोजते. सात खेपा झाल्या. नर्सबाई म्हणतात, आता फळवाला दिसला तरी माझे दात आंबतात. पण सातवी चाखली आणि मी चमचा घेऊन तशीच उभी राहिले. तुझीच होती ती. हुबेहूब.

आता खरं सांगते. गेल्या वर्षी त्या मोठ्या तापातून तू उठलीस आणि दहाव्या दिवशी चटणीला बसलीस. नेहमीसारखी तळहातावर घेऊन चाटलीस आणि म्हणालीस, आता बरोबर. दुसऱ्या दिवशी मी ताटं काढायला गेले तर चटणीसाठी आणलेली मिठाची पुडी फडताळात तशीच, न फोडलेली. तू पाहुण्यांना पाणी द्यायला गेलीस, तेवढ्यात मी मीठ घातलं. सगळ्यांनी बोटं चाटली. मी गप्प राहिले, तूही राहिलीस. तुला चव लागत नाही हे मला वर्षभर माहीत आहे आणि वर्षभर मी फोनवर फक्त हवापाण्याचं बोलले. फोन तू स्पीकरवर लावतेस, घरभर ऐकू जातं. पण ती सबब झाली. मी घाबरले होते, आई. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, पुष्कळांची चव हळूहळू परत येते. यायची तेव्हा येईल. तोवर सोबतच्या चिठ्ठीत कपाची, चमच्याची सगळी मापं आहेत, तुझ्या वीस-बावीस माणसांना पुरतील अशी. फळं मात्र दर वेळी सारखी निघत नाहीत. म्हणून शेवटी पहिला चमचा धाकटीला दे आणि विचारू नकोस, नुसतं तिच्या तोंडाकडे बघ, लहानपणी माझ्याकडे बघायचीस तसं. एक डोळा मिटला तर अर्धा चमचा साखर. दोन्ही मिटले तर एक. काहीच झालं नाही तर चिमूटभर मीठ. आणि ती न विचारता दुसरा चमचा मागेल, तेव्हा झाकण ठेव आणि मामाला निरोप धाड, डबा घरीच ठेव म्हणावं.

तुझीच, कधीही छडी न मारणारी,
मास्तरीण