चिआंग माईत दिलेलं उत्तर

राकेशदादा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणून भन्ते न म्हणता दादा म्हणते.

तुझ्या दीक्षेनंतर एकोणीस वर्षांनी मी पुन्हा थायलंडला, चिआंग माईला आले होते, ती आई गेल्याचं सांगायलाच. सकाळी तुझ्या भिक्षापात्रात भात वाढला, तेव्हा तू मला ओळखलंस.

"मैत्री, आई बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. तू हसून पुढे गेलास.

इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला सहा वर्षं मी आजारी आईचं सगळं केलं, पण नाव ती तुझंच घ्यायची. मला ते सोसवेना. शेवटी रोज विचारायची, "राकेशला कळवलंस?" मी रोज "हो" म्हणायचे. फोन एकदाही केला नाही, दादा.

तुझी,
मैत्री