न पाहता केलेली सही

प्रिय भिंगाबाई,

दोन वर्षांनी पत्र येतंय आणि तेही माझं, म्हणजे तू पाकीट न फोडताच फेकून द्यायचीस. फेकू नकोस. खुशाली विचारायला मला तोंड नाही, म्हणून विचारत नाही. शब्दकोशाच्या कार्यालयात अजूनही सगळे तुला भिंगच म्हणतात, फक्त आता आवाज खाली आणून. तुझ्या टेबलावर झेरॉक्सचं मशीन ठेवलंय. खिडकी मात्र अजून लागत नाही, कागद उडतात आणि आम्ही त्यांच्यामागे धावतो.

गेल्या आठवड्यात आपले संपादकसाहेब निवृत्त झाले. तेच, अंगठा जिभेला लावून शब्दांच्या नोंदींची कार्डं उलटणारे. तीस वर्षांची त्यांची थुंकी त्या कार्डांवर वाळलीय, आणि मी ती सगळी निमूट हाताळली. निरोपाच्या भाषणाला विषय अर्थात त्यांचा लाडका, ‘अ‍ॅनिमॉसिटी’. हा शब्द मुळात वाईट नव्हता, इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ धमक, हिंमत असा होता, मग हळूहळू त्यात राग शिरला आणि शेवटी नुसतं वैर उरलं. इथवर सगळं खरं, ती कार्डं आपण दोघींनीच तर लावली होती. पण मग साहेबांना चेव आला. बाकीचे कोश काहीही म्हणोत, हिंमतीचा अर्थ त्यानंतरही शंभर वर्षं जिवंत होता आणि त्याचा पुरावा जगात फक्त आपल्याकडे आहे, म्हणाले. ते पुराव्याचं कार्ड चौकटीत बसवून त्यांना भेट दिलं. खालच्या कोपऱ्यात ‘पाहिले’ आणि माझी सही, पहिल्या रांगेतूनही वाचता येत होती. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मग बाथरूममध्ये जाऊन ओकले, अगदी खरोखर.

तुझ्याबाबतीत काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूचं तू कधी ऐकलं नाहीस. कारण मी सांगितलंच नाही. आपला नियम सरळ होता, शब्द वापरलेलं वाक्य एकानं पुस्तकातून कार्डावर उतरवायचं आणि दुसऱ्यानं मूळ पुस्तकाचं पान स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच ‘पाहिले’ लिहायचं. साहेब ते कार्ड घेऊन आले तेव्हा पुस्तक तळघरात होतं, लिफ्ट बंद होती आणि मी नुकता डबा उघडला होता. बस, एवढंच. कुणी दम दिला नाही, कुणी आमिष दाखवलं नाही. भाजी गार होईल म्हणून मी सही ठोकली. एवढ्या फालतू कारणासाठी माणूस घाण होतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझ्या काविळीच्या वेळी तू माझी चाळीस कार्डं तपासून दिली होतीस, आठवतं? जिना चाळीस वेळा चढलीस-उतरलीस, आणि वर सहीसुद्धा माझी चालवून घेतली नाहीस, पान तू पाहिलंस म्हणून स्वतःचीच केलीस. तेव्हा मला तो तुझा शिष्टपणा वाटला होता.

तर तू ते पुस्तक काढून बघितलंस आणि साहेबांनी कार्डावरचं वाक्य स्वतः रचलंय असं रीतसर लिहून दिलंस. कोशाच्या समितीनं मला बोलावून विचारलं, पान पाहिलं होतं का. नाही म्हटलं तर माझ्या सहीचं प्रत्येक कार्ड संशयात येणार, वीस वर्षांची अब्रू जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तोंड वर करून मी म्हणाले, हो, पान मी पाहिलंय. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी पाण्याच्या ग्लासकडे. तुझ्या बडतर्फीचं पत्रही मीच टाइप केलं. सहकाऱ्यांविषयी ‘अ‍ॅनिमॉसिटी’ बाळगते, असं कारण साहेबांनी तोंडी सांगितलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हसले. मीही हसले गं. खोटं बोलले त्यापेक्षाही त्या हसण्याची मला जास्त किळस येते, अंग घासून धुतलं तरी जात नाही.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी नव्या आवृत्तीची मुद्रितं शेवटच्या सहीसाठी माझ्याकडे आली. मी पेन उघडलं, बंद केलं आणि तळघरात गेले. कुणा जमीनदाराच्या पत्रांचं ते पुस्तक, पान दोनशे बारा. त्या पानावर मेंढ्यांच्या खुरांना काय लावावं ते लिहिलंय. आणि पानात तुझी चिठ्ठी होती, पेन्सिलीनं लिहिलेली. ‘वाक्य इथे नाही. पुढची-मागची वीस पानं पाहिली. कुणीही येऊन बघावं.’ खाली तारीख, माझ्या साक्षीच्या आदल्या दिवसाची. म्हणजे मी एक जिना उतरले असते तर तुझी नोकरी वाचली असती. तिथेच फरशीवर बसून मी रडले. त्यानं तुला काही फायदा नाही, हे कळतं मला.

त्या पानाची प्रत आणि माझा कबुलीजबाब समितीला दिलाय. छपाई थांबलीय. माझी सगळी कार्डं पुन्हा तपासणार आहेत, आणि न बघता सही केलेली आणखी किती निघतील ते मलाही सांगता येत नाही. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तुला समितीचं बोलावणं येईल, येत्या गुरुवारी अकरा वाजताचं. पुन्हा छळायला बोलावतायत असं समजून तू ते फाडून टाकशील, या भीतीनं हे पत्र लिहितेय. माफी यात मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. ते मला विचारतील, पान पाहिलं होतं का. ‘नाही’ हे मला तुझ्याकडे बघून म्हणायचंय. तू आली नाहीस तरी म्हणेन. पण ये.

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरी तुझीच,
शेजारच्या टेबलावरची