फक्त माझा अहवाल बाकी

३ जानेवारी, सकाळी ८

योजनेच्या दिलशादबाई काल घरी येऊन गेल्या. पारशी वाढावेत म्हणून सरकार मूल होण्याच्या उपचारांचा खर्च देतं. आमचा अर्ज दोन वर्षं पडून आहे. बायकोच्या, पर्सिसच्या, सगळ्या तपासण्या झाल्या, ठीक निघाल्या. राहिली फक्त माझी. एक बाटली, पाच मिनिटं. मी पुरोहित, मोबेद; गेल्या वर्षी नवसारीत एकतीस मयतांच्या प्रार्थना केल्या आणि मुलाच्या दीक्षेची नवजोत एकच. परिस्थिती मला कुणी समजावायला नको.

शनिवारी जातो. घाबरण्याचा प्रश्नच नाही.

६ जानेवारी, शनिवार

गेलो नाही. अंग गरम. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. तापात नमुना दिला तर अहवाल चुकेल, आणि चुकीचा अहवाल सरकारला देणं अप्रामाणिकपणाचं.

९ जानेवारी

मूलभूत प्रश्न: आपलं मूल जनतेच्या पैशाने व्हावं का? दोन पानं लिहिली, दोन्ही बाजूंनी. पर्सिसला वाचून दाखवली. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "मी एकेचाळीसची झाले, होशेदार. ते कुठल्या बाजूला लिहिलंस?"

लिहायचं राहिलं होतं.

११ जानेवारी

अग्यारीचे प्रमुख, पंथकी एदलजी म्हणाले, बरशनूम घ्यायला कुणीतरी मोबेद हवा, तरुण पोरं तयार होत नाहीत. त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हणालो. नऊ रात्री एकांत, शुद्धी. त्या काळात वीर्य गेलं, अगदी झोपेत जरी, तरी सगळं बाद. म्हणजे तपासणी अर्थातच पुढे.

हा निर्णय पूर्णपणे धार्मिक आहे. स्वतःला तीनदा विचारून पाहिलं.

पर्सिसने माझे कपडे घडी करून दिले.

१९ जानेवारी, दुपार

घरी. सातव्या पहाटे झोपेत शरीराने दगा दिला. लपवता आलं असतं. लपवलं नाही. एदलजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "सेहेचाळिसाव्या वर्षी, दीकरा? घरी बायको बसलीय, आणि तू हे इथे येऊन करतोस?"

जेवणापर्यंत मोहल्लाभर झालं. दिलशादबाई बाटली घेऊनच आल्या. आता धर्माची हरकत मिटली म्हणाल्या. तीन दिवस थांबा आणि या. पर्सिस खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती महिन्यांनी, आठवत नाही.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. यंत्रणा चालू आहे. म्हणजे अहवाल उत्तमच येणार. तपासणी खरं तर औपचारिक.

२३ जानेवारी

दिला. बाटलीवर नाव लिहिताना दोनदा खोडलं. पेन खराब होतं.

२५ जानेवारी

पाकीट आलं. उघडलं नाही. बेहराम रोज, आमचा शुभ दिवस, चार दिवसांवर आहे, तेव्हा उघडू. घाई कशाला. देवघरात दिव्यामागे ठेवलंय. जेवण गेलं नाही, पण ते कोळंबी शिळी असल्यामुळे.

२९ जानेवारी, सायंकाळी ५

पाकीट सकाळी पर्सिसनेच उघडलं. मला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली.

शुक्राणूंचा आकडा फार खाली आहे. औषधाने चढेल, पण सहा महिने तरी लागतील. पर्सिसच्या वयाला सहा महिने फार होतात. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर, एवढं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहायला घेतल्या.

रिक्षात मी पर्सिसला सांगायला लागलो की मी घाबरलो वगैरे नव्हतो, एकेक कारण खरंच होतं, तापसुद्धा. ती बाहेर बघत होती.

"घाबर की. मीही घाबरलेय, दोन वर्षं. पण माझ्या शेजारी बसून घाबरायचं होतंस."

मी रिक्षाचे सुटे पैसे मोजत बसलो.

घरी आल्यावर तिने पहिली गोळी माझ्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहिली. जेवणानंतर घेतो म्हणालो. ती हलली नाही. गिळली. तोंड उघडून दाखव म्हणाली.

दाखवलं.