जावईबापूंना, रिव्हर्सच्या दिव्यांबद्दल

आखाडा बाळापूर,
ता. कळमनुरी, जि. हिंगोली.
रविवार, दुपार.

आदरणीय जावईबापू धम्मदीप यांना अमृतरावांचा सप्रेम जयभीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, सपनाची कंबर आता दुखत नसेल आणि संभाजीनगरच्या नळाला पाणी येत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची हाताला सवय आहे. पण घरात सगळे म्हणजे आता मी एकटाच, तेव्हा मी मजेत आहे. (गुडघा सोडून.) तुम्ही इलेक्ट्रिकलचे इंजिनियर, आणि गाडीच्या मागच्या दिव्यांबाबत तुम्ही फोनवर दिलेला सल्ला मी कसा पाळला, किंवा खरं सांगायचं तर आधी कसा पाळला नाही, हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य आहे.

आपलं घर बोळाच्या टोकाला. गाडी आत येते ती तोंडानं आणि बाहेर जाते ती पाठीनं, कारण वळवायला जागा नाही. तुमच्या सासूबाई होत्या तोवर त्याचं काही वाटलं नाही. जनकाबाई पदर खोचून मागं उभ्या राहायच्या, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायच्या आणि भिंत जवळ आली की पत्र्यावर थाप मारायच्या. अठरा वर्षं मी त्यांच्या आवाजावर गाडी काढली. (आरशात बघतो असं दाखवायचो.) त्या गेल्यावर दोन वर्षं अंदाजानं काढली आणि पोळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी तो अंदाज शेजारच्या भिकाबाईंच्या पाण्याच्या टाक्यावर जाऊन आदळला. भिकाबाईंनी सरळ सपनाला फोन लावला. सपनानं हुकूम सोडला, की गाडी विका आणि इकडे राहायला या. मी चिडलो. म्हटलं, माझी गाडी मी एकट्यानं बाहेर काढतो तोवर हे घर सोडायचं नाही. शब्द तोंडातून गेला, आता मागं उजेड पाडणं भाग होतं.

तुम्ही सांगितलं होतं: बॅटरीपासून वेगळी जाड वायर घ्या, बॅटरीच्या शेजारीच फ्यूज बसवा, मध्ये रिले टाका, आणि जुन्या दिव्याच्या वायरीनं रिलेला फक्त इशारा करावा, ओझं वाहू नये. मी हे सगळं कागदावर लिहून ट्रॅक्टरला लाइट बसवणाऱ्या दिपकपुढं वाचलं. त्यानं आदरानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, रिले काहून पाहिजे? आमी समद्या ट्रॅक्टरला असंच लावून राहिलो, एकाचीबी तक्रार न्हाई." आणि एकवीस वॅटच्या जुन्या बल्बच्या वायरीला त्यानं पंचावन्न-पंचावन्नचे दोन ट्रॅक्टरचे दिवे जोडून दिले. पहिल्याच रिव्हर्सला फ्यूज उडाला. दिपकनं फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातली आणि आता हा जन्मात उडणार नाही, अशी हमी दिली. हमी खरी निघाली. तो उडाला नाही, त्याच्याऐवजी वायर जळाली.

डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं होतं, तुमच्याकडं पाठवायचं राहिलेलं. आधी वास आला तेव्हा मला वाटलं, कुणाच्या तरी घरी फोडणी करपली. मग धूर दिसला. भिकाबाई बादली घेऊन धावल्या (नव्या टाक्यातली). मी ओरडलो, पाणी नको, आणि बॉनेट उघडून बॅटरीची वायर ओढून काढली. गाडी वाचली. डाळ पण वाचली, मात्र तिला आता जळक्या प्लॅस्टिकचा वास आहे, म्हणून ती मीच खाऊन राहिलो आहे.

त्यानंतर दिपकला शेजारी बसवून सगळं तुमच्या कागदाप्रमाणं करून घेतलं. अर्थिंगची वायर रंग खरवडून उघड्या पत्र्याला कसली. पत्र्यातून वायर जाते तिथं रबर घातलं, म्हणजे कापली जायची नाही. आता रिव्हर्स टाकला की अख्खा बोळ दिसतो, भिंतीवरच्या पाली मोजून घ्याव्यात. पहिल्या दिवशी भिकाबाई कौतुकानं मागं उभ्या राहिल्या आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "भाऊ, मला काईच दिसून न्हाई राहिलं, तुमचं तुमी बघा." आता मागं कुणी उभं राहत नाही, आणि गरजही नाही.

परवा एकट्यानं गाडी काढली, कुठं न टेकवता. डोंगरकडा गावापर्यंत गेलो, चहा प्यालो आणि परत आलो. कुठं गेला होतात, असं विचारायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला कळवतो. खरं सांगायचं तर करमत नाही. बाकी गाडी उत्तम आहे.

आपला,
अमृतराव

ता. क. तुमच्या गाडीला असे दिवे लावायचे असतील तर वायर इथून पाठवतो, आठ मीटर उरली आहे.

आणखी एक ता. क. सपना दर रविवारी फोनवर इकडे या म्हणायची आणि मी दर रविवारी नाही म्हणायचो, असं छान चाललं होतं. दिवे लागले तसा मी तिला व्हिडिओवर उजेड दाखवला. ती म्हणाली, बरं झालं बाबा, माझी काळजी मिटली. त्याला चार रविवार झाले, तिनं पुन्हा विचारलेलं नाही. तेव्हा जावईबापू, माझं नाव न घेता तिला एकदा विचारायला लावा. मी नाही म्हणेन, ते मनावर घेऊ नये. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणेन. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत मात्र तिला फोन ठेवू देऊ नका.